पहिला नाताळ आपल्या घरी: नोव्हेंबरपासून सहा जानेवारीपर्यंतची तयारी

आईवडिलांच्या किंवा सासूसासऱ्यांच्या घरी वर्षानुवर्षे नाताळ साजरा केल्यानंतर ज्या वर्षी तो पहिल्यांदा स्वतःच्या घरात करायची वेळ येते, त्या वर्षी लक्षात येते की आपल्याला सण पाठ होता, त्याचे काम मात्र कधी शिकलोच नव्हतो. नेवऱ्यांचे सारण कोणत्या दिवशी भाजतात, गव्हाणीसाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) पेंढा कोण आणते, मिस्सेहून (देवळातल्या कॅथोलिक उपासनेहून) परतल्यावर मध्यरात्री चहाचे आधण कोण ठेवते, हे सगळे लहानपणी आपोआप घडते असेच वाटत असते. हा लेख अशा नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबांसाठी आहे, आणि ज्या घरात पतिपत्नींपैकी एकजण ख्रिस्ती नसल्यामुळे सणाची माहिती एकाच माणसाकडे आहे, त्यांच्यासाठीही आहे.

माझे माहेर वसईचे व कॅथोलिक, सासर नगरचे व प्रोटेस्टंट, आणि आमचे बिऱ्हाड पुण्यात. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला दोन्ही घरांत जे जे होते ते सगळे आपल्या दोन खोल्यांत झालेच पाहिजे, असा हट्ट मी धरला होता. माहेरच्या नेवऱ्या केल्या आणि सासरच्या करंज्याही केल्या. दोन्हींचे आकार सारखे आणि सारणात वेलदोड्यापुरता फरक, हे दोन्ही डबे शेजारी ठेवल्यावर ध्यानात आले. २४ डिसेंबरला रात्री नऊ वाजता मी कढईसमोर होते आणि साडेअकराला देवळात, तेलाचा वास येणाऱ्या केसांनिशी. शुभवर्तमानाचे (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचे) वाचन सुरू झाले तेव्हा मला झोप लागली. ज्या रात्रीसाठी महिनाभर राबले तीच रात्र हातची गेली, याचे वाईट वाटले, आणि त्यानंतर घरात एक नियम झाला: २४ तारखेच्या दुपारी तीननंतर गॅसवर चहाखेरीज काही चढणार नाही. पुढे दिलेले सगळे वेळापत्रक या एका नियमावरून उलटे मोजत मागे नेलेले आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात: एक कागद

दिवाळीचा फराळ संपत आला की घरातल्या सर्वांनी, मुलांसकट, अर्धा तास एकत्र बसावे आणि प्रत्येकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: कोणती गोष्ट झाली नाही तर तुला नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही? उत्तरे अनेकदा चकित करतात. आमच्याकडे सासऱ्यांना पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने हवी होती, नवऱ्याला २५ तारखेची बिर्याणी हवी होती, मला गव्हाणी हवी होती, आणि मुलीला गच्चीतला कागदी तारा हवा होता. केकचे नाव कोणीही घेतले नाही, आणि मी मात्र मागच्या वर्षी तीन केक केले होते. प्रत्येकाची एकेक गोष्ट कागदावर लिहावी. ती होणारच. उरलेल्या सगळ्या गोष्टी दुसऱ्या बाजूला लिहाव्यात. त्यांतल्या जमतील तेवढ्या करायच्या आणि ज्या राहतील त्यांच्याबद्दल २६ तारखेला कोणी कुरकुर करायची नाही, एवढे आधीच ठरवून घ्यावे.

याच बैठकीत तीन कामांच्या तारखा ठरवाव्यात, कारण ती उशिरा सुचली तर पैसे देऊनही होत नाहीत. पहिले काम प्रवासाचे, आणि ते खरे तर या बैठकीच्याही आधी उरकायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होऊ लागले आहे. म्हणजे २२ डिसेंबरच्या गाडीसाठी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच जागे राहावे लागते, आणि मुंबईहून कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांबाबत तर याला पर्याय नाही. दुसरे काम रजेचे. २५ डिसेंबरला सुट्टी असते, २४ ला नसते; म्हणून २४ ची किंवा निदान त्या दिवसाच्या अर्ध्या वेळेची रजा नोव्हेंबरातच मागून ठेवावी. तिसरे काम शिंप्याचे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि चांगला शिंपी डिसेंबरात नवे कापड हातात घेत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. नाताळ महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतो, म्हणजे पगार संपत आलेला असतो. त्यामुळे खर्चाची यादी नोव्हेंबरच्या पगारातून आणि डिसेंबरच्या पगारातून अशी सरळ दोन भागांत लिहावी: कपडे, सुका मेवा, सजावटीचे सामान पहिल्या भागात, मटण, फळे, भेटवस्तू, देवळाची वर्गणी आणि कॅरोलवाल्यांची पाकिटे दुसऱ्या भागात. पुढच्या वर्षाची सोय जानेवारीतच करायची असेल, तर दरमहा ५०० रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव पुरेशी होते. सहा हजार आणि वर थोडे व्याज हाती येते, आणि सोनाराकडे किंवा क्रेडिट कार्डाकडे बघावे लागत नाही.

आगमनकाळ: चार रविवार

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आपण आगमनकाळ म्हणतो. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही येतो, म्हणून तारीख दरवर्षी पाहावी लागते. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे. चौथा आठवडा कधी कधी जेमतेम एका दिवसाचा उरतो. २०२३ साली २४ डिसेंबर हाच चौथा रविवार होता, आणि त्या वर्षी सकाळी आगमनकाळाची मिस्सा व रात्री ख्रिस्तजन्माची मिस्सा अशी धावपळ सगळ्यांनीच केली. कॅलेंडर हाती आले की हे एवढे तपासून घ्यावे.

घरी आगमनकाळ पाळण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखेर्न या प्रोटेस्टंट पाळकांनी १८३९ साली अनाथ मुलांना नाताळाचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तेव्हापासून ही चाल पडली आणि पुढे कॅथोलिकांनीही ती उचलली. आमच्यासारख्या मिश्र घराला ही गोष्ट फार सोयीची पडते, कारण चक्र कोणाचे यावरून वाद होत नाही. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. पितळी ताटात अशोकाची किंवा सुरूची पाने गोलाकार मांडली की झाले. विकतचे प्लास्टिकचे चक्र आणण्याची मुळीच गरज नाही. ताज्या पानांना मात्र आठवड्याने बदलावे, कारण वाळलेली पाने आणि पेटती वात यांचे जमत नाही.

दर रविवारी संध्याकाळी दिवे मालवून एक मेणबत्ती जास्त लावायची, शुभवर्तमानातला एक लहान उतारा वाचायचा आणि एक गीत म्हणायचे. दहा मिनिटे पुरतात. लहान मुलांच्या घरात पाच. वाचनासाठी नवशिक्यांना मी हा क्रम सुचवीन: पहिल्या रविवारी लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातून जखऱ्याची हकिकत, दुसऱ्या रविवारी त्याच अध्यायातून देवदूताचा मरियेला निरोप, तिसऱ्या रविवारी मरियेची अलिशिबेशी भेट, आणि चौथ्या रविवारी मत्तयाच्या पहिल्या अध्यायातून योसेफाचे स्वप्न. हा देवळातल्या वाचनांचा क्रम नाही, घरासाठी जुळवलेला आहे; चार आठवड्यांत गोष्ट पुढे सरकत जाते आणि पाचव्या वेळी, २४ च्या रात्री, लूकच्या दुसऱ्या अध्यायापाशी येऊन पोचते. घरात वडीलधारी व्यक्ती असेल तर एखाद्या रविवारी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या दहा-बारा ओव्या मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापलेले हे पुराण आता देवनागरीत उपलब्ध आहे, आणि त्यातले दुसरे पुराण येशूच्या जन्माची कथा सांगते. अर्थ सगळा कळला नाही तरी ओवीचा ताल मुलांच्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो.

कॅथोलिक कुटुंबांनी आणखी एक गोष्ट या काळात उरकावी. प्रायश्चित्त संस्कारासाठी (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्यासाठी) अनेक धर्मग्रामांत, म्हणजे देवळाच्या हद्दींत, आगमनकाळात एक संध्याकाळ ठरवलेली असते व बाहेरचे धर्मगुरूही येतात. ती तारीख सूचनाफलकावरून लिहून घ्यावी. २४ तारखेच्या रांगेत उभे राहण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

फराळ आणि केक

या कामात सर्वांत जास्त माणसे दमतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

नाताळाचे खाणे घराघरांत वेगळे असते. गोव्यात नेवऱ्यो, कुलकुल, दोदोल, बेबिंका, बात्क यांच्या संचाला कुसवार म्हणतात. वसईत व मुंबईच्या ईस्ट इंडियन (मूळच्या स्थानिक कॅथोलिक) घरांत नेवऱ्या, कलकल, मार्झिपान आणि मिल्क क्रीम असतात. नगर, जालना, सोलापूर या भागांतल्या ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, म्हणजे जवळजवळ दिवाळीचाच फराळ असतो. पहिल्या वर्षी यांतले तीन पदार्थ घरी करावेत, एक विकत आणावा आणि तेवढ्यावर थांबावे. तीनांपैकी एक मुलांना हात लावता येईल असा असावा. कलकल त्यासाठी उत्तम: अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे तुपाचे मोहन, एक अंडे, चवीपुरती पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि मळायला नारळाचे दूध, घट्ट मळून झाकून ठेवायचे, लहान गोळी नव्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून वळायची आणि मंद आचेवर तळायची. तळणे मोठ्यांनी करावे, वळणे मुलांकडे द्यावे. मुलांची कलकले एकसारखी येत नाहीत. जाड राहिलेली आतून कच्ची राहू नयेत म्हणून ती वेगळी काढून सर्वांत शेवटी, आच आणखी कमी करून तळावीत.

पदार्थांचा क्रम टिकण्यावरून लावावा. कलकल, शंकरपाळे आणि चकल्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहतात, म्हणून त्या आगमनकाळाच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी कराव्यात. सुके खोबरे, रवा व खसखस यांचे सारण भरलेल्या नेवऱ्या तिसऱ्या आठवड्यात कराव्यात. ओल्या नारळाच्या नेवऱ्या दोन-तीन दिवसांत विटतात. त्यांचा मोह नवशिक्यांनी टाळावा. मार्झिपान फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, पण साच्यातून काढण्याचे काम वेळखाऊ आहे आणि ते मी खुशाल विकत आणते. सर्व पदार्थ थंड झाल्यावरच डबा बंद करावा, एवढी एकच सूचना माझ्या आईने मला कधी लिहून दिली होती.

केकसाठी अर्धा किलो सुका मेवा, त्यात काळे मनुके, बेदाणे, बिया काढलेला खजूर, संत्र्याच्या सालीचे पाकवलेले तुकडे असे सगळे बारीक चिरून, काचेच्या बरणीत २०० मिलिलिटर रममध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भिजत घालावा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या चमच्याने हलवावा. अनेक मराठी प्रोटेस्टंट घरांत मद्य अजिबात चालत नाही. आमच्याही सासरी नाही. तिथे तोच मेवा संत्र्याच्या रसात पाच मिनिटे शिजवून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवावा व तीन-चार दिवसांत वापरून टाकावा. फरक एवढाच की रमचा केक दहा-बारा दिवस आधी भाजून ठेवला तर अधिक मुरतो, आणि रसाचा केक २२ किंवा २३ तारखेलाच भाजावा लागतो. घरी ओव्हन नसेल तर आपले मिश्रण डब्यात भरून ओळखीच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची जुनी सोय अजून कुठे कुठे आहे. जायचे असेल तर डब्याच्या तळाला नाव लिहिलेली चिकटपट्टी लावावी. एका वर्षी मी ती लावली नव्हती आणि आमच्या घरी कुणाचा तरी भोपळ्याच्या बियांचा केक आला. चांगला होता.

गव्हाणी, तारा आणि धान्य

येशूच्या जन्माचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी सुरू केली, असे मानले जाते. त्यांनी खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण उभी केली होती. आपल्याकडे मातीच्या मूर्ती असतात. नवीन घरात एकदम सगळा संच घेण्याची घाई करू नये. पहिल्या वर्षी योसेफ, मरिया व बाळ येशू एवढे पुरे. मेंढपाळ दुसऱ्या वर्षी, राजे तिसऱ्या वर्षी. मूर्ती वाढत जातात तसे प्रत्येक मूर्तीला एक साल चिकटते आणि मुलांना ते लक्षात राहते.

गव्हाणीभोवतीची हिरवळ विकतच्या रंगीत भुशाची करण्यापेक्षा पेरावी. घटस्थापनेला शेजारच्या घरांत जसे धान्य उगवतात, अगदी तसेच हे काम आहे. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजत घालावा, पसरट थाळीत किंवा मिठाईच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणात बोटभर माती पसरून त्यावर दाट पेरावा, वरून पातळ मातीचा थर द्यावा आणि रोज पाणी शिंपडावे. १४ किंवा १५ डिसेंबरला पेरले की २४ तारखेपर्यंत तीन-चार बोटे उंच कोवळी हिरवळ तयार होते. पुण्यात डिसेंबरची थंडी कडक असेल तर नाचणी रेंगाळते. तिथे गहू बरा, आणि थाळी रात्री स्वयंपाकघरात ठेवावी. पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान माणसाचे असावे.

बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. ती कापडात गुंडाळून कपाटात असते, आणि मिस्सेहून परतल्यावर घरातले सर्वांत लहान किंवा सर्वांत वडील माणूस ती आणून ठेवते. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर वगैरे, उभे करावेत आणि रोज एकेक वीत पुढे सरकवत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गव्हाणीपाशी आणावेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते किती होते हे सांगितलेले नाही. सोने, ऊद व गंधरस अशी तीन दाने होती म्हणून माणसेही तीन धरली गेली. ही माहिती माझ्या सासऱ्यांनी दिली, कारण त्यांच्या बालपणीच्या घरात मूर्ती नव्हत्याच. होता तो बांबूच्या कामट्यांचा व पतंगाच्या कागदाचा मोठा तारा. आता आमच्याकडे दोन्ही आहेत. पेंढ्याच्या छपराजवळ पेटती मेणबत्ती मात्र कधीही ठेवू नये, आणि विजेची माळ पेंढ्यातून न नेता बाहेरून न्यावी. घर सोडताना व झोपताना ती बंद करण्याची जबाबदारी एकाच माणसाची असावी, म्हणजे ‘मला वाटलं तू केलीस’ हे वाक्य घरात ऐकू येत नाही.

कॅरोल आणि शेजारपाजार

डिसेंबरच्या मध्यापासून देवळातला तरुण संघ ढोलकी, टाळ, गिटार घेऊन घरोघरी नाताळगीते गायला येतो. आपल्या घराचा दिवस व अंदाजे वेळ आधी विचारून ठेवावी. ‘नऊ वाजता’ म्हणजे पावणेअकरा असे समजून चालावे. सोसायटीत राहणाऱ्यांनी पहारेकऱ्याला आणि शेजाऱ्यांना त्या दिवशी सकाळीच सांगावे, त्यातही वरच्या मजल्यावर बारावीचा विद्यार्थी असेल तर नक्कीच. वीस जणांचा चहा, एक डबा चकल्या आणि पाकिटात घालून ठेवलेली देणगी यापेक्षा जास्त तयारी लागत नाही. ती मुले त्या रात्री दहा घरी खाऊन आलेली असतात.

शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवणे हा माझ्या मते या सणाचा गाभ्यातला भाग आहे, आणि त्यासाठी थोडा विचार आधी करावा लागतो. डिसेंबरात पुष्कळदा मार्गशीर्ष असतो. अनेक घरांत त्या महिन्यात सामिष चालत नाही आणि गुरुवारचे व्रत असते. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी शंकरपाळे, चकल्या, अंडे न घातलेल्या नेवऱ्या असे ताट वेगळे करावे, त्यांचे तळण नव्या तेलात व सगळ्यांत आधी काढावे, आणि ताट देताना ‘यात अंडे नाही’ हे आपणहून सांगावे. विचारायचा संकोच त्यांना पडू देऊ नये. पुण्यात राहून ताट नेताना मला दरवर्षी १८९० सालचे पंचहौद मिशनचे प्रकरण आठवते. त्या मिशनच्या घरी चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि शहरातल्या इतर कितीतरी प्रतिष्ठितांवर ग्रामण्य (जातबहिष्काराचे प्रकरण) झाले व प्रायश्चित्ताचा खल वर्षानुवर्षे चालला. आज त्याच शहरात माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दिवाळीचा डबा परत करताना ‘नाताळाला भरून पाठव गं’ असे दारातूनच सांगतात.

ज्या घरी त्या वर्षात मृत्यू झाला आहे, तिथे गोडधोड करत नाहीत. गोव्यात अशा घरी शेजारी मुद्दाम ताट पाठवतात, आणि ही रीत सगळीकडे पाळण्यासारखी आहे. आपलेच घर दुःखात असेल तर गव्हाणी व प्रार्थना ठेवावी, फराळ सोडून द्यावा आणि बाहेरून येईल ते स्वीकारावे. सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही असेच केले आणि अकरा डबे आले.

२३, २४ आणि २५

दुपारच्या जेवणाचे पदार्थ निवडताना आधी करून ठेवता येणारे निवडावेत. वसईकडचे इंदियाल किंवा सोरपोतेल हे मांसाचे कालवण व्हिनेगरमुळे मुरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, म्हणून ते २३ ला करून, पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवून, २५ ला नीट उकळी आणून वाढावे. बिर्याणीचे मटण २४ च्या सकाळी दह्या-मसाल्यात मुरवत ठेवावे. भात व दम २५ चा. फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, गरमच खायचे असतात, ते आधी करता येत नाहीत, आणि पीठ फुगण्याची वाट पाहावी लागते. नवीन घरात त्यांच्या जागी पाव आणावेत. खाटकाकडे मागणी २० तारखेपर्यंत नोंदवावी. २४ च्या सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग पाहिली की हा सल्ला का दिला ते कळते.

२४ ला दुपारी तीन वाजता स्वयंपाकघर बंद. त्यानंतर आंघोळी, इस्त्री, आणि सर्वांनी, मुलांनी तर नक्कीच, दोन तास झोप. संध्याकाळी तीनच्या आधीच करून ठेवलेली साधी खिचडी किंवा सूप. कॅथोलिकांनी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्यापूर्वीचा एक तासाचा उपवास ध्यानात ठेवून जेवणाची वेळ ठरवावी. मिस्सेची वेळ गृहीत धरू नये: जिथे ती उघड्या पटांगणात असते तिथे ध्वनिक्षेपकाच्या बंधनांमुळे ती पुष्कळदा बाराच्या खूप आधी सुरू होते. अर्धा-पाऊण तास आधी पोचावे, वयस्कांसाठी घडीची खुर्ची व शाल न्यावी, बाळ असेल तर कडेची जागा धरावी. ज्यांना रात्रीचे झेपत नाही त्यांनी २५ च्या सकाळची मिस्सा किंवा उपासना निवडावी. त्यात कमीपणा मुळीच नाही, आणि सकाळी गाणी जास्त मोकळ्या गळ्याने म्हटली जातात असे माझे मत आहे.

घरी परतल्यावर बूट काढायच्या आधी बाळ येशू गव्हाणीत ठेवावा, लूकचा दुसरा अध्याय पहिल्यापासून विसाव्या वचनापर्यंत एकाने वाचावा, एक गीत म्हणावे, मग केक कापावा. बाहेरगावच्या माणसांना फोन करण्याच्या वेळाही ठरवून घ्याव्यात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिथे २५ ला सुट्टी नसते, म्हणून तिथल्या भावाला सकाळी आठला उठवण्यापेक्षा तो कामावरून आल्यावर बोलावे.

मुलांच्या भेटवस्तूंबद्दल एवढेच सांगेन की एक हवी ती, एक वाचायची आणि एक दुसऱ्या कुणाला द्यायची, अशा तीन वस्तू पुरतात. तिसरी वस्तू मुलांनी स्वतः नेऊन द्यावी.

२५ चे जेवण दीड वाजता, आणि येणाऱ्यांपैकी प्रत्येकाने एक काम घ्यायचे: कोणी कोशिंबीर करून आणायची, कोणी बर्फ आणायचा, कोणी भांडी घासायची. पाहुण्यांना काम सांगणे सुरुवातीला अवघड जाते. माझ्या सासऱ्यांनी पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कांदे चिरले आणि मग पुढच्या वर्षी कुणालाही सुरीला हात लावू दिला नाही.

२६ डिसेंबरनंतर

नाताळाचा काळ २५ ला सुरू होतो, त्या दिवशी संपत नाही. ज्यांना २५ ला भेटता आले नाही त्या नातेवाइकांकडे २६ ते ३१ या दिवसांत जावे. घरी राहून गेलेला एखादा पदार्थही याच दिवसांत निवांतपणे करता येतो, आणि दोन्ही बाजूंच्या आजीआजोबांना एकाच दिवशी वाटून घेण्याचा पेच त्यामुळे सुटतो. आम्ही २५ पुण्यात, २७ नगरला आणि १ जानेवारी वसईत अशी वाटणी केली आहे.

६ जानेवारीला तिन्ही राजे गव्हाणीपाशी पोचले की त्यानंतरच्या रविवारी सगळे आवरावे. मूर्ती जुन्या सुती कापडात एकेक गुंडाळाव्यात, मेंढरांचे कान सर्वांत आधी तुटतात म्हणून ती वेगळ्या डब्यात ठेवावीत, विजेच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात. गव्हाची वाळलेली हिरवळ मातीसकट कुंडीत जाते. नोव्हेंबरातला तो कागद याच खोक्यात वरती ठेवावा, आणि ठेवण्यापूर्वी त्यावर काय उरले व काय कमी पडले ते लिहावे. आमच्या मागच्या कागदावर मुलीच्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘चकल्या कमी पडल्या. तारा वाऱ्याने फाटला, पुढच्या वर्षी जाड कागद.’